कुमानोची वाट आणि झरपटीचें पाणी

अलीकडे कांहीं वर्षांत आपल्या सुशिक्षित समाजांत जपानच्या कुमानो यात्रामार्गाचें मोठें कौतुक ऐकूं येऊं लागलें आहे. ज्यांस सवड आहे आणि ज्यांच्या खिशांत पैसा आहे असे लोक विमानानें जपानांत उतरतात, की द्वीपकल्पाच्या डोंगरांत शिरतात, चार-पांच दिवस पाठीवर पिशवी टाकून उंच वृक्षांच्या रानांतून पायीं चालतात, रात्रीं खेड्यांतील एखाद्या घरीं उतरून ऊन पाण्याच्या कुंडांत शिणलेलें अंग बुडवितात, आणि परत आल्यावर त्या अनुभवाचें वर्णन करतांना भक्ति, शांति, परंपरा हे शब्द त्यांच्या तोंडीं सहज येतात. या कौतुकाशीं आमचें भांडण नाहीं. कुमानोची वाट कौतुकास पात्रच आहे. आमचें भांडण आहे तें याच मंडळींच्या दुसऱ्या एका उद्गाराशीं. चैत्र महिन्यांत चंद्रपूरच्या महाकालीस मराठवाड्यांतून आणि तेलंगणांतून यात्रेकरू येऊं लागले, म्हणजे हेच लोक नाक मुरडून म्हणतात, 'आली ही गर्दी! आतां शहरांत आठ दिवस घाण होणार.' जपानांतील यात्रा ती संस्कृति आणि आपल्या दारची यात्रा ती घाण, हा न्याय कोणत्या तर्कशास्त्रांत बसतो, हें तपासण्याची वेळ आली आहे असें आम्हांस वाटतें.

प्रथम कुमानोकडेच नीट पाहूं. जपानच्या मुख्य बेटाच्या दक्षिण टोंकास की नांवाचें डोंगराळ द्वीपकल्प आहे. त्यांत होंगू, हायातामा आणि नाची अशीं तीन मोठीं देवस्थानें असून त्यांस जोडणाऱ्या पायवाटांस कुमानोच्या जुन्या वाटा म्हणतात. दहाव्या शतकापासून क्योतोचे निवृत्त सम्राट या वाटेनें जाऊं लागले; गो-शिराकावा यानें तर बाराव्या शतकांत तिसाहून अधिक वेळां ही यात्रा केली. राजांमागून सरदार आले, सरदारांमागून शेतकरी, कारागीर, भिकारी आणि रोगी आले. स्त्रियांस मज्जाव नाहीं, रोग्यांस मज्जाव नाहीं, अशी या देवस्थानांची ख्याति होती. आणि अखेर रीघ इतकी लागली कीं, मुंग्यांच्या रांगेसारखी कुमानोची यात्रा, अशी म्हणच जपानी भाषेंत रूढ झाली. म्हणजे ज्या एकांताच्या ओढीनें आमचे प्रवासी तेथें जातात, तो एकांत त्या वाटेचा मूळ धर्म नव्हे. ती वाट गर्दीनें घडविली आहे. आणि ती गर्दी आमच्या महाकालीच्या गर्दीहून फार निराळी असेल असें मानण्यास कांहींच आधार नाहीं.

२००४ मध्यें युनेस्कोनें या स्थळांस जागतिक वारशाचा मान दिला. त्यांत लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, मान देवळांस मिळाला तसाच वाटांसही मिळाला. त्यापूर्वीं १९९३ मध्यें स्पेनमधील सांतियागोच्या यात्रामार्गास असा मान मिळाला होता. देवळापर्यंत जाणारी वाट हा देवळाचाच भाग आहे, हें तत्त्व तेथें मान्य झालें आहे. तें केवळ कागदावर मान्य झालें आहे असेंही नाहीं. नाकाहेची नांवाच्या प्रमुख वाटेवर दर ५०० मीटरांवर अनुक्रमांकाचा खांब आहे. पावसानें माती वाहून गेली म्हणजे शाळांतील मुलें, गांवकरी आणि बाहेरून आलेले लोकही पिशव्यांतून माती नेऊन वाटेवर घालतात; या कामास 'मिचिबुशिन' असें जुनें नांव आहे. खेड्यांतील घरें हींच पांथस्थांचीं विश्रामस्थानें. आणि होंगूच्या अलीकडे युनोमिने या खेड्यांत ऊन पाण्याचे झरे आहेत. तेथें ओढ्याच्या कडेस त्सुबोयू नांवाचें एक लहानसें कुंड आहे. दोन-तीन माणसांनीं आंत जावें, अर्ध्या तासांत बाहेर यावें, असा नियम आहे. पूर्वीं होंगूच्या दर्शनापूर्वीं यात्रेकरू या पाण्यांत शुद्ध होत असत. जपानची एक साधी चाल अशी कीं, कुंडांत उतरण्यापूर्वीं बाहेर बसून अंग स्वच्छ धुवावयाचें. कुंड हें मळ काढण्याचें ठिकाण नव्हे. मळ काढूनच तेथें जावयाचें असतें. शेंकडों वर्षें एकच कुंड हजारों लोकांच्या उपयोगी पडलें, तें या चालीमुळें.

या कुंडाची एक कथा आहे. ओगुरी नांवाच्या सरदारास सासऱ्यानें विष घालून मारिलें. यमलोकांतून तो परत आला तो न दिसणारा, न बोलणारा, केवळ हाडांचा सांपळा होऊन. त्यास एका गाड्यावर बसविलें आणि हा गाडा जो ओढील त्यास पुण्य लागेल अशी पाटी त्याच्या गळ्यांत बांधिली. वाटेनें जाणाऱ्या अनोळखी लोकांनीं थोडा थोडा गाडा ओढिला. त्याच्या पत्नीनेंही ओळख न पटतां तो ओढिला. आणि असा तो युनोमिनेस पोंचला. तेथील पाण्यानें त्याचें शरीर पूर्ववत् झालें. कथेचें मर्म पाण्याच्या चमत्कारांत आहे, तितकेंच तें गाडा ओढणाऱ्या हातांत आहे.

आतां आमच्या वाचकांस आम्ही विचारतों, ही कथा ऐकून चंद्रपूरच्या माणसास कांहीं आठवतें काय? आठवावयास हवें. कारण त्याचें शहरच अशा कथेवर उभें आहे. खांडक्या बल्लाळशाह या गोंड राजाच्या सर्वांगास गांठी व फोड झाले होते. शिकारीच्या मागें भटकतां भटकतां तो तहानेनें व्याकुळ होऊन झरपट नदीच्या कोरड्या पात्रांत आला. तेथें खडकांतील एका लहानशा खळग्यांत त्यास पाणी मिळालें. तें तो प्याला, त्यानेंच हातपाय व तोंड धुतलें. आणि त्या रात्रीं त्यास कित्येक दिवसांनीं गाढ झोंप लागली. सकाळीं राणीनें पाहिलें तों राजाची व्याधि नाहींशी झालेली. मग तो खळगा शोधून काढिला, खडकांत गाईच्या पांच पावलांसारखे ठसे आणि त्यांत न आटणारें पाणी आढळलें, तेथें अचलेश्वराचें देऊळ झालें, आणि राणीच्या सल्ल्यावरून राजानें शेजारीं नगर वसविलें. तेंच आजचें चंद्रपूर. कथा इतिहास म्हणून घ्या कीं आख्यायिका म्हणून घ्या. पण एका शहराचें बारसें नदीच्या ओंजळभर पाण्यानें झालें अशी त्या शहराची स्वतःविषयींची समजूत आहे, ही गोष्ट तर खरी आहे. पुढें अठराव्या शतकाच्या आरंभीं राणी हिराईनें महाकालीचें देऊळ बांधिलें असें सांगतात. तेंही याच झरपटीच्या कांठीं.

त्या झरपटीची आजची स्थिति काय आहे? शहराचीं गटारें तींत सुटतात. जलपर्णीनें तिचें पात्र झांकून जातें. यात्रेच्या तोंडावर ती वनस्पति उपसण्याची धांदल उडते, वर्तमानपत्रांत छायाचित्रें येतात, आणि यात्रा सरली कीं नदी पुन्हां पूर्ववत् हिरवी होते. चैत्र पौर्णिमेच्या सुमारास नांदेड, परभणी, हिंगोलीकडील कष्टकरी कुटुंबें, कोणी रेल्वेनें, कोणी मोटारीनें, कोणी अजूनही पायीं, देवीच्या दर्शनास येतात. दर्शनापूर्वीं स्नान करावें हा त्यांचा कुळाचार. जपानी यात्रेकरू होंगूपूर्वीं जें करी तेंच हे करूं पाहतात. पण जें पाणी त्यांच्या पुढ्यांत आहे तें शहरानें वापरून टाकून दिलेलें पाणी आहे.

येथें आम्हांस घाणीच्या प्रश्नाचा हिशेब एकदां नीट मांडावासा वाटतो. यात्रेकरू येतो तो वर्षांतून आठ-दहा दिवस. गटार वाहतें तें बारा महिने. यात्रेकरूनें टाकिलेली पत्रावळ दुसऱ्या दिवशीं झाडून काढतां येते. गटाराचें पाणी झाडून काढतां येत नाहीं. मग नदी कोणी बिघडविली? ज्यानें ती बिघडविली तो यात्रेकरूस घाणेरडा म्हणतो, आणि ज्यास त्या घाणींत उतरावें लागतें तो बिचारा कोणासही कांहीं म्हणत नाहीं. देवीचें नांव घेतो आणि डोक्यावर पाणी घेतो. युनोमिनेच्या नियमानें पाहिलें तर कुंडांत उतरण्यापूर्वीं अंग धुण्याचें कर्तव्य यात्रेकरूचें नसून या शहराचें आहे. शहरानें आधीं आपला मळ बाहेर धुवावा, मग पाहुण्यांच्या स्वच्छतेविषयीं बोलावें.

इंग्रजी शिकलेल्या आमच्या वर्गाची तर या बाबतींत मोठीच गंमत आहे. चॉसरच्या कँटरबरीच्या यात्रेकरूंवर आम्ही वर्गांत तासच्या तास व्याख्यानें देतों. त्यांतील दारू पिऊन घोड्यावरून घसरणारा गिरणीवाला, पांच नवरे केलेली बाथची बाई, खोटे अवशेष विकून पैसे कमावणारा धर्मोपजीवी, ही सारी मंडळी आम्हांस जिवंत, रसरशीत, मानवी वाटते. पण तशीच बडबडी, भांडखोर, श्रद्धाळू आणि हंसरी मंडळी महाकालीच्या आवारांत तीन दगडांची चूल मांडून बसली, म्हणजे त्यांच्यांत आम्हांस एकही व्यक्ति दिसत नाहीं. दिसते ती केवळ गर्दी. सहाशें वर्षांपूर्वींच्या परक्या यात्रेकरूस जी सहानुभूति मिळते ती शेजारच्या जिल्ह्यांतून आलेल्या माणसास मिळूं नये, हा साहित्याच्या शिक्षणाचा पराभवच म्हटला पाहिजे.

पण दोष केवळ रुचीचा नाहीं. आमच्या व्यवस्थेच्या विचारांतच एक मूलभूत उणीव आहे. उदाहरण मार्कंड्याचें घेऊं. गडचिरोली जिल्ह्यांत चामोर्शीजवळ वैनगंगेच्या कांठीं, जेथें नदी उत्तरवाहिनी होते तेथें, मार्कंडदेवाचा प्राचीन मंदिरसमूह आहे. कनिंगहॅमनें गेल्या शतकाआधींच्या शतकांत, १८७० नंतरच्या दशकांत, त्याचें वर्णन करून ठेविलें. महाशिवरात्रीस तेथें मोठी यात्रा भरते. नदीच्या दोन्ही तीरांवरील गांवें लोटतात. हें देऊळ केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालीं आहे. जीर्णोद्धाराचें काम वर्षानुवर्षें रेंगाळलें हा भाग वेगळा. तो येथें आमचा विषय नाहीं. विषय हा आहे कीं, १९५८ च्या कायद्यानें आणि त्यांतील २०१० च्या दुरुस्तीनें अशा स्मारकाभोंवतालचे १०० मीटर निषिद्ध आणि त्यापुढील २०० मीटर नियंत्रित ठरतात. म्हणजे एकंदर ३०० मीटरांपर्यंत कायद्याची दृष्टि पोंचते. पण यात्रेकरू कांहीं ३०० मीटरांवरून येत नाहीं! तो गांवाच्या वेशीवरून निघतो. वाटेंत त्यास सांवली लागते, पाणी लागतें, रात्रीं पाठ टेकण्यास जागा लागते. या साऱ्याचें संरक्षण कोणत्या कलमांत आहे? आम्ही दगड जपतों आणि ज्या पावलांनीं त्या दगडाचें देऊळ झालें तीं पावलें मोटारींच्या चाकांखालीं सोडून देतों. रस्ता रुंद करावयाचा म्हणून दोन्ही बाजूंची जुनीं चिंचेचीं, आंब्याचीं, कडुनिंबाचीं झाडें तोडिलीं जातात, आणि मग एप्रिलच्या उन्हांत डांबरावरून चालणाऱ्या म्हातारीस आम्ही विचारतों कीं, आजी, तुम्ही गाडीनें कां येत नाहीं?

'तीर्थ' या शब्दाचा मूळ अर्थच नदी उतरून जाण्याची जागा, म्हणजे उतार, असा आहे. वाट आणि पाणी यांचा जेथें संगम होतो तें तीर्थ. त्यांतून वाट वगळली आणि पाणी नासविलें, म्हणजे मागें जें उरतें तें दगडी बांधकाम. त्यास स्मारक म्हणावें, तीर्थ म्हणूं नये.

आतां आमच्यावर घेतले जाणारे आक्षेप पाहूं. पहिला आक्षेप असा कीं, जपान श्रीमंत आहे, आपण गरीब आहों. हा आक्षेप चंद्रपुरास तरी शोभत नाहीं. ज्या शहराच्या उशाशीं २९२० मेगावॉटचें औष्णिक वीजकेंद्र उभें राहूं शकतें आणि त्याच्या पाण्यासाठीं इरई नदीवर धरण बांधतां येतें, त्या शहरास एका लहानशा नदींत पडणारीं गटारें वळविणें अशक्य आहे, असें कोणी सांगूं लागल्यास आम्ही त्यावर विश्वास ठेवणार नाहीं. शिवाय मिचिबुशिनास श्रीमंती लागत नाहीं. पिशवीभर माती आणि एक रविवार लागतो. याचा पुरावाही आमच्याच गांवांत आहे. गोंड राजांच्या किल्ल्याचा सुमारें ११ किलोमीटरांचा तट झाडाझुडपांत बुडाला होता; २०१७ पासून इको-प्रो या संस्थेच्या तरुणांनीं रोज सकाळीं हातांत कोयते-फावडीं घेऊन तो मोकळा केला. जें तटाचें झालें तें वाटेचें कां होऊं नये?

दुसरा आक्षेप वाघाचा. हा आक्षेप थट्टेवारी नेण्यासारखा नाहीं. या दोन जिल्ह्यांत मोहफुलें आणि सरपण वेंचावयास गेलेलीं माणसें दरवर्षीं वाघाच्या तोंडीं पडतात, हें दुःख ज्यांच्या घरीं घडलें त्यांच्यापुढें यात्रामार्गाच्या गोष्टी बोलतांना जीभ अडखळावी. ताडोबाच्या गाभ्यांत पायीं जाण्यास बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु आम्ही कोठेंही नवी रानवाट पाडावयास सांगत नाहीं. लोक ज्या रस्त्यांनीं आज चालतच आहेत त्या रस्त्यांवर सांवली, पाणी आणि विसावा असावा, एवढेंच आमचें म्हणणें आहे. उलट, वाघाच्या नांवानें ज्यांस चिंता वाटते त्यांनीं तर रात्रींच्या मुक्कामाची सुरक्षित जागा गांवोगांव व्हावी म्हणून प्रथम आवाज उठवावयास हवा.

तिसरा आक्षेप सुधारकांचा. यात्रा म्हणजे अंधश्रद्धा, असें ते म्हणतात. अंधश्रद्धा जेथें असेल तेथें तिच्याशीं झुंजावें. पण झुंजण्याची रीत विदर्भास शिकविण्याची गरज नाहीं. गाडगे महाराज याच विदर्भाचे. त्यांनीं देवापुढील पशुहत्येवर कोरडे ओढिले, आणि त्याच वेळीं यात्रेच्या जागा खराट्यानें झाडिल्या, पंढरपूर, नाशिक, आळंदी येथें धर्मशाळा बांधविल्या. १९५६ मध्यें त्यांचें देहावसान झालें तोंपर्यंत हें व्रत चालू होतें. यात्रेकरूस शहाणा करावयाचें असेल तर आधीं त्यास निवारा द्यावा लागतो, हें त्यांस कळलें होतें. खराटा न उचलतां नुसता उपदेश करणाऱ्यास त्यांचें नांव घेण्याचा अधिकार नाहीं. आणि त्याच १९५६ सालीं ऑक्टोबरच्या १६ तारखेस डॉ. आंबेडकरांनीं चंद्रपुरांत धम्मदीक्षा दिली; त्या स्मरणार्थ दरवर्षीं दीक्षाभूमीवर लोकांचा सागर लोटतो. त्या सागरासही पाणी, सांवली आणि विसावा हींच लागतात. म्हणजे हा प्रश्न एका देवीचा वा एका धर्माचा नाहीं. पायीं येणाऱ्या माणसाचा आहे.

येथवर शहराविषयीं आणि देवळांविषयीं बोललों. आतां रानांतील एका वाटेविषयीं बोलणें प्राप्त आहे, कारण तेथें जें पणास लागलें आहे तें पाण्याहूनही मोठें आहे. एटापल्ली तालुक्यांत सुरजागडच्या डोंगरांवर माडिया लोकांच्या ठाकुरदेवाचें स्थान आहे. दर जानेवारींत आसपासच्या गांवांतील माणसें डोंगर चढून तेथें यात्रेस जातात. त्यांच्या देवास शिखर नाहीं, गाभारा नाहीं; डोंगर हाच देव आहे. आणि तो डोंगर लोखंडाच्या धातूनें भरलेला आहे. २००७ मध्यें त्यावर खाणपट्टा दिला गेला. विरोध, हिंसा आणि खंड यांतून जाऊन २०२१ पासून खाणकाम पुन्हां जोरानें सुरू झालें. खाणीनें कांहीं हातांस काम दिलें आहे हें आम्ही नाकारीत नाहीं. पण देऊळ पाडून रस्ता करावयाचा म्हटलें तर ज्या समाजांत दंगा होईल, तोच समाज दुसऱ्याचा देव मालमोटारींत भरून जातांना पाहतो आणि त्यास विकास म्हणतो, याचें आश्चर्य वाटतें.

कुमानोंतही असा प्रसंग आला होता, आणि तेथें जें घडलें तें आमच्या जपानभक्त मंडळींनीं मुद्दाम वाचावें. १९०६ मध्यें जपानी सरकारनें लहान लहान देवस्थानें मोडून गांवास एकच ठेवावें अशी आज्ञा काढिली. मोडलेल्या स्थानांभोंवतालच्या राया विकल्या जाऊं लागल्या, आणि कुमानोच्या वाटेवरील पुष्कळ ओजी, म्हणजे वाटेवरच्या लहान देवड्या, तींत गेल्या. तानाबे गांवीं मिनाकाता कुमागुसु नांवाचा एक विद्वान राहत असे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्यें बसून त्यानें अध्ययन केलें होतें. सूक्ष्म जीवांचा तो मोठा शोधक होता. हा मनुष्य पुस्तकें मिटून रस्त्यावर आला. त्यानें लेख लिहिले, पत्रें लिहिलीं, अधिकाऱ्यांच्या सभेंत घुसून गोंधळ केला आणि १९१० मध्यें अठरा दिवस तुरुंगांत काढिले. त्याचें म्हणणें असें कीं, राई गेली कीं झरा जातो, झरा गेला कीं गांवाचा देव जातो, आणि देव गेला कीं गांवांतील माणसांचा परस्परांशीं असलेला संबंध जातो. त्सुगिझाकुरा ओजीपाशीं आज जे प्रचंड वृक्ष उभे आहेत ते त्याच्या विरोधामुळें वांचले. १९२० मध्यें ती मोहीम अखेर थांबली. १९२९ मध्यें खुद्द सम्राट त्यास भेटावयास त्या मुलखांत आला. आज आमचे प्रवासी ज्या झाडांच्या सांवलींतून चालतात ती सांवली सरकारनें दिलेली नाहीं. सरकारशीं भांडून एका प्रोफेसरी न करणाऱ्या पंडितानें ती राखिली आहे. चंद्रपूर-गडचिरोलींत प्रोफेसरी करणारे पुष्कळ आहेत.

आमच्याकडे तर मिनाकाताजवळ नव्हतें असें हत्यारही आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानें ग्रामसभेस आपल्या रानावरील परंपरागत हक्क नोंदवितां येतात. त्या कायद्याखालीं सामूहिक वनहक्क मिळविणाऱ्या देशांतील पहिल्या गांवांत धानोरा तालुक्यांतील मेंढा-लेखाचें नांव आहे. तें २००९ मध्यें घडलें, याच गडचिरोली जिल्ह्यांत. २०१३ मध्यें ओडिशांतील नियमगिरीच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें, डोंगरावरील धार्मिक हक्काचा प्रश्न ग्रामसभांपुढें ठेवावा, असा निर्णय दिला, आणि ग्रामसभांनीं खाणीस नकार दिला. जें नियमराजाच्या डोंगरास लागू आहे तें ठाकुरदेवाच्या डोंगरास कां लागू नसावें, याचें उत्तर आम्हांस कोणीतरी द्यावें.

शेवटीं एका धोक्याची सूचना दिली पाहिजे. असले लेख वाचून कोणा उत्साही अधिकाऱ्यास वाटावें कीं, चला, आपणही एक 'विदर्भाचें कुमानो' उभारूं. मग चार विश्रामगृहें, दोन कमानी, एक तिकीटघर, आणि वाटेच्या दोन्ही टोंकांस छायाचित्रें काढण्याचे चौथरे. ऊन पाण्याची हौस असेल तर किनवट तालुक्यांत पैनगंगेच्या कांठीं उनकेश्वराचे झरे आहेतच. तेथेंही एखादें विलासगृह निघेल. हें नको. उनकेश्वराचें पाणी त्वचेच्या विकारांवर गुणकारी मानून गोरगरीब तेथें जातात. त्यांस तेथून हांकलून श्रीमंतांचे पाय शेकणें म्हणजे कुमानोचें अनुकरण नव्हे, विटंबना आहे. कुमानोची वाट पाहुण्यांसाठीं बांधिलेली नाहीं. ज्यांची ती होती त्यांनीं ती जपली, म्हणून पाहुणे आले.

आमच्या मागण्या थोड्या आहेत. झरपटींत महाकालीच्या घाटाच्या वरच्या बाजूस एकही गटार सुटतां कामा नये. हें काम सर्वांआधीं व्हावें, कारण याच पाण्यानें शहर जन्मास आलें. महाकालीच्या आणि मार्कंड्याच्या रस्त्यांवर दर दोन-तीन कोसांवर पिण्याचें पाणी, झाडांची सांवली आणि एक साधी पडवी असावी. झाडें लावणाऱ्या गांवास तीं वाढविण्याचा खर्च मिळावा. मुक्कामासाठीं शाळा आणि घरें उघडावींत, व त्याचा मोबदला त्या घरांसच मिळावा. २०११ मध्यें स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठानें आपले विद्यार्थी यात्रेकरूंबरोबर पायीं पाठवावेत. कोणत्या गांवीं कोण थांबतो, कोणत्या विहिरीवर पाणी पितो, कोणतें गाणें कोठें म्हणतो, हें त्यांनीं यात्रेकरूंच्याच तोंडून लिहून घ्यावें. आणि सुरजागडची यात्रेची वाट ग्रामसभेच्या हक्कांत नोंदली जावी, मग डोंगराचें काय करावयाचें तें त्या लोकांनीं ठरवावें.

यांतील एकही गोष्ट जपानास जाऊन शिकण्यासारखी नाहीं. कुमानोस अवश्य जावें. पण तेथील कुंडांत उतरण्यापूर्वीं बाहेर बसून अंग धुतांना आपल्या गांवच्या नदीची आठवण ठेवावी. आणि परत आल्यावर, चैत्राच्या उन्हांत डोक्यावर गांठोडें घेऊन जटपुरा दरवाजांतून आंत येणारी बाई दिसली, तर नाक मुरडण्याऐवजीं तिला तांब्याभर स्वच्छ पाणी द्यावें. तेवढें पाणी या शहरांत आहे कीं नाहीं, याचें उत्तर मात्र यात्रेकरूनें नव्हे, आम्हीं द्यावयाचें आहे.